मुहूर्ताची चाबी

"बॅटरी नवी टाकली, सेल्फ बांधून आनला, तरी नुसती घरघर करते अन् मरते," पुंडलिकराव खुर्चीतून न हलता म्हणाले. "यवतमाळचा मिस्त्री आला, बोनेट उघडून गेला. उमरखेडचा आला, चहा पेऊन गेला. आता पुसदच्या देवीलालनं तुले धाडलं. पाहू, तू काय दिवे लावतं थे!"

जयाने मान वर केली नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात ठोकळ्यांवर चढवलेल्या त्या जुन्या मिलिटरी ट्रकच्या पोटात ती कमरेपर्यंत वाकली होती. साडी खोचलेली, वरून नवऱ्याचा खाकी शर्ट, हातात पाना. बोलायचं म्हटलं असतं तर तिच्याकडे पुष्कळ होतं, पण ती बोलायला आली नव्हती.

"इंजिन उपाशी मरून राह्यलं मालक," ती एवढंच म्हणाली. "डिझेल पोचत नाई त्याच्यापर्यंत. काहून पोचत नाई, थे पाहतो."

"धर्मपालची बायको ना तू? वाटलंच मले." पुंडलिकरावांनी सुपारी गालात सरकवली. "झालं गेलं सोडून दे बाई. मानूस चांगला होता, पन दारूनं नेला."

जयाच्या हातातला पाना थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

हा ट्रक पुंडलिकरावांनी सैन्याच्या लिलावातून उचलला होता, आणि तो दारात आला त्या सालापासून जिनिंग धो धो चालली, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दरवर्षी कापसाच्या मुहूर्ताला ते स्वतः ट्रकमध्ये चढायचे, पहिली चाबी स्वतः मारायचे, हॉर्न द्यायचे, आणि मगच पहिल्या बैलगाडीला हार घालून कापूस काट्यावर जायचा. त्या दिवशी त्या सीटवर दुसऱ्या कोणाची बसायची प्राज्ञा नव्हती. पुढे कापसाचे दिवस फिरले. भाव पडले, सरकारी केंद्रावर गाड्यांच्या रांगा मुक्काम करू लागल्या, टीव्हीवाले येऊन जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बायाबापड्यांच्या तोंडापुढे माईक धरू लागले, आणि जिनिंगला कुलूप लागलं. आता खासगी खरेदी खुली झाली तसा पुंडलिकरावांना पुन्हा हुरूप आला होता. पण मुहूर्त हवा तर तोच ट्रक हवा, आणि तो चालू हवा.

ते वाईट दिवस सुरू होत होते तेव्हाच एका दुपारी हा ट्रक कापूस भरून फाटकाकडच्या उतारावरून बेफाम किंचाळत आला होता. स्टिअरिंगवर धर्मपाल होता. फाटकात बैलगाड्यांची रांग, माणसं, बैल. धर्मपालने स्टिअरिंग वळवलं आणि ट्रक जिनिंगच्या भिंतीवर घातला. रांगेतल्या एकालाही खरचटलं नाही. धर्मपाल मात्र सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये चेंगरून जागीच गेला.

त्याला बाहेर काढायच्या आधीच पुंडलिकराव पोलिसांना म्हणाले होते, "पेऊन होता साहेब. शुद्धीतला मानूस दारात येऊन अशी रेस देईल काय?" ती रेस सगळ्यांनी ऐकलीच होती. सगळ्यांना पटलं. त्याच संध्याकाळी ट्रक ओढून शेडमध्ये नेला, वर ताडपत्री टाकली, विषय संपला.

धर्मपाल दर रविवारी विहारात पंचशील म्हणायचा, त्यातलं दारू न पिण्याचं शील तर इतक्या खणखणीत आवाजात की शेजारच्याचा आवाज बुडून जायचा. दारूच्या थेंबाला कधी शिवला नव्हता माणूस. म्हणून तर लोक जास्तच हसले. 'पंचशीलवाला' म्हणत टाळ्या देऊन हसले. जया भांडली, रडली, दारोदार सांगत फिरली, आणि एक दिवस गप्प झाली. पुसदला देवीलालच्या पंप-नोझलच्या दुकानात पार्ट धुवायला लागली, धुता धुता पंप खोलायला शिकली.

पण घरात राजदीप होता. शाळेत त्याला पोरं बेवड्याचा म्हणायची. तो मोठा झाला आणि खरोखरच प्यायला लागला. जयाने एकदा त्याच्या थोबाडीत मारली तेव्हा तो म्हणाला, "रक्तातच हाय माह्या. साऱ्या गावाले माईत हाय." तिने हजारदा सांगितलं होतं, बाप पीत नव्हता. पण बायको तेच म्हणणार. तिला ते पुंडलिकरावांच्या तोंडून वदवायचं होतं, चार लोकांत, राजदीपच्या कानावर पडेल असं. तेवढ्यासाठी तिने ओठ आवळून वर्षं काढली होती.

आता तिने डिझेलच्या नळीचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबला. नुसता फेस आला. नळ्या धुतल्या, हवा काढली, तरी धार बारीकच. मग तिने फिल्टरची वाटी उतरवली. तळाशी खरवडून काढावा असा चिकट गाळ होता, आणि त्याला निळसर झाक होती.

जयाने तो बोटावर घेतला, उन्हात धरला. असं निळं या जिल्ह्यात एकच असतं, रेशनचं स्वस्त रॉकेल.

पुढचं तिने घाई न करता केलं. डिझेल पंपाची बाजूची झाकणी उघडली. आतली प्लंजरं, डिझेल दाबणारे ते छोटे दट्टे, ओरखड्यांनी भरली होती. डिझेलच्या अंगी वंगणाचा गुण असतो, रॉकेलच्या नसतो. रॉकेलवर पळालेला पंप कोरडा घासून असाच जाम होतो, हे तिने देवीलालकडे किती तरी पंपांत पाहिलं होतं. आणि इंजिनाला डिझेल कमी-जास्त करते ती पट्टी पार पुढे, पूर्ण डिझेलवर जाऊन अडकली होती. पायाने दाब सोडा नाहीतर इंजिन बंद करायची दोरी ओढा, ती पट्टी मागे येणारच नव्हती.

म्हणजे धर्मपालने रेस दिलीच नव्हती. तो बिचारा ब्रेक दाबत, दोरी ओढत आला होता.

जया मडगार्डवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो संताप. असा की खुर्चीत सुपारी चघळणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात पाना घालावा. तिने पाना खाली ठेवला, पंप खोलून पिशवीत घातला आणि म्हणाली, "दुकानात नेऊन बांधा लागते मालक. मुहूर्ताले गाडी चालू भेटंल तुमाले."

देवीलालने पंप पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि अडकलेली पट्टी बोटाने ढकलून पाहिली.

"पोलीस में दे, बेटी," तो म्हणाला.

"पोलीस काय पट्टी पाहतीन काका? मालक म्हनतीन, पडून पडून जाम झाली." जया पंप पुसत होती. "मले त्याले बसवाचं हाय. त्याच सीटवर."

देवीलालला समजलं. "इंजिन फुटंल."

"बाकी सारं नवं करतो. पट्टी तेवढी हाय तशीच ठेवतो. वल्लं बारदान घेऊन उभी राहतो मी. इंजिन हवा ओढते त्या तोंडावर दाबलं का थे मरते, तुमीच शिकवलं."

"अन् मालक मेला भेवानं तं?"

"नाई मरत. तशी मानसं मरत नाई काका."

देवीलालने पंप तिच्याकडे सरकवला. "बंद कराची दोरी नवी लाव," तो म्हणाला. "घट्ट लाव. नाई तं म्हनंल, दोरीच ढिली होती."

मुहूर्ताच्या सकाळी फाटकाला आंब्याची तोरणं लागली. बैलगाड्या लागल्या, पेढे आले, काट्याला कुंकू लागलं. ट्रकला नवा हिरवा रंग दिला होता. जयाने पहाटेच राजदीपच्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. तो येतो म्हणाला होता. तिने गर्दीवरून पुन्हा पुन्हा नजर फिरवली, तो नव्हता. थांबावं का, असं क्षणभर तिला वाटलं. पण पुंडलिकराव फेटा सावरत, गड्याच्या खांद्यावर हात देत ट्रकमध्ये चढलेही होते.

"गाडी ठोकळ्यावर हाय, गिअर काढेल हाय," जयाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "कोनी जवळ येऊ नका. मारा मालक चाबी."

इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत आवाज चढला, आणखी चढला, आणि किंचाळी झाली. काळा धूर शेडवर गेला. बैल बुजले. फाटकातल्या जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. हा आवाज त्यांनी ऐकलेला होता.

असली डिझेल गाडी चाबीने बंद होत नाही, म्हणून पुंडलिकरावांनी बंद करायची दोरी ओढली. दोन्ही हातांनी ओढली. ट्रक ठोकळ्यांवर थडथडत होता, उतरायला पाय खाली टाकायची त्यांची हिंमत होईना.

"बंद कर! बंद कर थे!"

जया बोनेटपाशी ओलं बारदान घेऊन उभी होती. "किती पेले मालक?" ती ओरडली.

"काय?"

"शुद्धीतला मानूस दारात अशी रेस देते काय? किती पेले?"

"अवं पाय वर हाय माहा! पाह्य ना! मी रेस नाई देल्ली, आपोआप पळून राह्यलं!"

"धर्मपालचा बी पाय वरच होता! टाकीत काय होतं तवा?"

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर त्यांना जे दिसलं त्याने ते इंजिनापेक्षा जास्त घाबरले. ती बारदान छातीशी धरून उभी होती आणि जागची हलत नव्हती. मुनीम धावत आला आणि इंजिनाच्या किंकाळीला भिऊन तसाच मागे गेला.

"बोला मालक! जोरानं बोला!"

"रॉकेल होतं!" पुंडलिकराव ओरडले. इंजिनाच्या वर आवाज काढायचा म्हणून नरडं फाडून ओरडले. "रॉकेल टाकाले मीच सांगतलं होतं! आता बंद कर, बाई!"

"अन् धर्मपाल?"

"पेला नव्हता! धर्मपाल पेला नव्हता!"

जयाने बारदान हवेच्या तोंडावर दाबलं. इंजिन गुदमरलं, आचके देऊन मेलं, आणि त्या एकाएकी पडलेल्या शांततेतही पुंडलिकराव ओरडतच होते, "पेला नव्हता तो! पेला नव्हता!" ते फाटकाबाहेरच्या शेवटच्या गाडीवाल्यालाही ऐकू गेलं. आपलाच आवाज ऐकून ते थांबले. फेटा सुटून गळ्यात आला होता. रांगेतल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

जयाने सगळ्यांच्या देखत पंपाची झाकणी उघडली, पट्टी मोकळी केली, तेल दिलं, आणि चाबी स्वतः मारली. ट्रक शहाण्यासारखा मंद चालू राहिला. "झाली दुरुस्त," ती म्हणाली आणि हत्यारं गोळा करून निघाली.

पोटातली आग विझेल असं तिला वाटलं होतं. तशी ती विझलीही. पण वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. आज म्हाताऱ्यासाठी बारदान घेऊन ती तरी तिथे होती. धर्मपालजवळ त्या उतारावर कोणी नव्हतं. रस्त्यात थांबून तिने पदराने डोळे पुसले.

घरी राजदीप खाटेवर पडला होता. इस्त्रीचा शर्ट अंगात होता, गुंड्या खालवर लागलेल्या. वास दारापर्यंत येत होता.

"येऊन राह्यलो होतो आई," तो न उठता म्हणाला. "नाक्यापर्यंत आलतो. लोकं पाह्याले लागले, तं पाय उचललाच नाई."

जया खाटेच्या कडेला बसली. "तुहा बाप पेला नव्हता," ती म्हणाली. "रॉकेलनं पंप जाम झाल्ता. मालक सोता बोलला."

राजदीपने डोळे उघडले. "मालक? सोताच्या तोंडानं?"

"सोताच्या तोंडानं. साऱ्यायसमोर."

तो भिंतीला धरून उठला, आणि आई पुढे बोलायला लागली तसा हात वर करून तिला थांबवलं.

"थांब. असा नाई आयकत. तोंड धुऊन येतो. मंग सांग, पह्यल्यापासून."

तो मागच्या अंगणात रांजणापाशी गेला. चूळ भरल्याचा आवाज आला, तोंडावर पाणी मारल्याचा, मग पुन्हा चूळ भरल्याचा. बराच वेळ तो चुळा भरत होता. जया खाटेवर तशीच बसून त्याची वाट पाहत राहिली.