चौदा नंबरचा स्वेटर

गळा कानांपाशी येऊन अडकला, तेव्हा रॉबिनने नाद सोडला. स्वेटर ओढून काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि शेजारी फोनवरचा फोटो धरला. फोटोत तो कसा ऐसपैस दिसत होता. हिरवागार, छातीवर पळणाऱ्या रानकोंबड्यांची रांग. खाली लिहिलेलं, ‘हातविणीचा. नंबर चौदा. फारसा न वापरलेला.’ रॉबिनचा नंबर चौदाच. मुलांच्या कपड्यांतही चौदा नंबर असतो, हे रोज शाळेची बस चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात येऊ नये! पण टेबलावरचा हा आता मुलांच्याही चौदाचा राहिला नव्हता. लोकर आटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. कोंबड्यांचे पाय पोटात गेले होते.

विणकाम मात्र आईचंच. शेवटची कोंबडी मागे तोंड करून उभी. बहीण ग्लेनिस लहानपणी म्हणायची, “आई, ही एक चुकलीय तुझी.” मेंढ्या कातरायला आलेल्या गड्यांचा स्वयंपाक उरकून आई विणायला बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, “चुकली नाही. कुणी मागे राहिलंय का, बघतेय ती.”

मागे कोण राहिलं होतं, ते रॉबिनला पक्कं ठाऊक होतं. थोरली ग्लेनिस नर्सिंग शिकायला टास्मानिया सोडून मेलबर्नला निघाली, तेव्हा आईने तिला असा स्वेटर विणून दिला. “तुलाही करते, पुढच्या हिवाळ्यात,” आई रॉबिनला म्हणाली होती. त्या हिवाळ्यात आईची मनगटं धरली आणि सुया कायमच्या खणात गेल्या.

मार्चमध्ये आईला शेवटचा निरोप देऊन सगळे गावच्या हॉलवर चहाला जमले, तेव्हा ग्लेनिस तो स्वेटर घालून बसली होती. कोपरं विरलेली, तरी आईच्या मैत्रिणी येऊन येऊन बाहीवरून हात फिरवत होत्या. “अगदी तुझी आईच गं बाई.” रॉबिन सँडविचचं ताट फिरवत होती. आईची शेवटची आजारपणं तिने काढली होती. पण आजारपणांवरून कुणाला हात फिरवता येत नाही.

त्याच आठवड्यात तिने जुन्या कपड्यांच्या साइट धुंडाळायला सुरुवात केली. आई आसपासच्या फार्मवाल्यांसाठीही विणायची, एखादा तरी निघेल. जुलैत निघाला. तिने लगेच ग्लेनिसला फोन लावला होता. “मलाही मिळाला. माझ्याच मापाचा. रविवारी घालून येते.” रविवारी आईच्या कबरीवर तिच्या नावाची पाटी बसवायची होती.

पार्सलवर विकणाऱ्या बाईचा नंबर होता. रॉबिनने तो फिरवला.

“स्वेटरचं बोलतेय. फोटोत एक दाखवायचं आणि पाठवायचं भलतंच, ही कुठली पद्धत?”

“अहो, तोच आहे तो! फोटो काढल्यावर उलट मी मुद्दाम धुऊन दिला. मशीनला, चांगल्या कडकडीत पाण्यात.”

“लोकर? कडकडीत पाण्यात?”

“आटला ना थोडा? मला वाटलं, ओढला की येईल. चुकलंच माझं. एवढी वर्षं पेटीत होता, कुबट वास यायचा. पैसे परत करते तुमचे. नाव काय म्हणालात?”

“रॉबिन टिमिन्स.”

“अगं, टिमिन्सबाईंची धाकटी! मी फिलिपा, वरच्या फार्मवरची! एका वर्गात होतो आपण.”

रॉबिनला ती आठवली. बसमध्ये पुढची खिडकी, दर वर्षी नवे बूट.

“आईचं कळलं गं. वाईट वाटलं. त्यांच्याच हातचा आहे तो. शेवटचा. आमच्या मम्मीला म्हणाल्या होत्या, मनगटं चालत नाहीत आता, फिलिपाचा झाला की बास. माझं मापसुद्धा घेतलं नाही बघ. म्हणाल्या, आमची रॉबिन तेवढ्याच अंगाची आहे, तिच्यावरच बघते.”

रॉबिन खुर्चीत बसली.

त्या हिवाळ्यात चुलीजवळ आईने हिरवा विणलेला तुकडा तिच्या पाठीला लावला होता. “ताठ उभी राहा. श्वास घे.” सुईचं गार टोक मानेला लागलं होतं. कुणासाठी, हे रॉबिनने विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय? मग एक दिवस टोपलीतली हिरवी लोकर दिसेनाशी झाली. रॉबिन बोलली नाही, आईही बोलली नाही.

“छान बसायचा तुला?” तिने विचारलं.

“बसायचा, पण टोचायचा गं मेला! एकदाच घातला असेन, मम्मी ओरडली म्हणून. बरं, पैसे पाठवू ना?”

“नको.”

“रागावली नाहीस ना?”

“मुलं सुटायची वेळ झाली. बस न्यायचीय,” म्हणून रॉबिनने फोन ठेवला.

एकदाच. वरच्या फार्मपाशी बस वळवताना तिने दात असे आवळले की मागच्या सीटवरची पोरं चिडीचूप झाली. तिने तो रोज घातला असता. टोचला असता तरी. झोपतानासुद्धा.

परत आल्यावर तिने स्वेटर गुंडाळून लाकडाच्या शेगडीचं दार उघडलं. मग बंद केलं. चहाला पाणी ठेवलं, ते जास्तच झालं होतं, म्हणून गरम पाण्याची पिशवी भरली. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ती पिशवी तिने स्वेटरमध्ये खालून सरकवली. हिरवं पोट टच्च फुगलं. कोंबड्या जरा सुट्या झाल्या. धुण्याच्या पावडरीचा वास विरला आणि खालून ओल्या मेंढीचा वास वर आला. आईच्या हातांना यायचा तो.

फोन वाजला. ग्लेनिस.

“काय गं, आलं पार्सल?”

“आलं.”

“मग? बसला? का ओढून ताणून बसवलास?”

“माझ्याच अंगावर माप घेतलेलं आहे त्याचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही.”

“बरं, रविवारी घालून ये. दोघींचा फोटो काढू.”

“तो बाहेर घालायचा नाही, ग्लेनिस. घरात वापरणार आहे मी.”

फोन ठेवून तिने स्वेटरमधली ती पिशवी खुर्चीच्या पाठीशी लावली, बरोब्बर दोन खांद्यांच्या मध्ये येईल अशी. मग टेकली, आणि ताठ बसली.