राजा श्री, पुढे कोण?

मी एक जुना पैसा आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू गोड बोलतात, शेवटी डोळे पुसतात, असा तुमचा समज असेल तर तो आधी सोडून द्या. माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही.

माझं वय दोन हजार वर्षांच्या आसपास आहे. तांबं, शिसं आणि कथील एकत्र वितळवून मला घडवलं. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं, आणि हत्तीच्या भोवती कडेकडेने ब्राह्मी लिपीत माझ्या राजाचं नाव. हत्तीचं मला फार कौतुक नव्हतं. हत्ती पुष्कळ नाण्यांवर असतात. नाव मात्र माझं स्वतःचं होतं. त्या नावावर मी मीठ विकत घेऊन दिलं, तीळ दिले, एका म्हातारीला घोंगडीही दिली. मग कोणाच्या तरी कनवटीतून निसटलो आणि काळ्या मातीत गाडला गेलो.

मातीने मला खाल्लं नाही. तिने माझ्या अंगावर एक काळा, टणक थर चढवला. वर्षानुवर्षं माझी वरची कातडी आणि तो थर एकजीव होत गेले, आणि माझी अक्षरं त्या थरातच राहिली. हे नीट ध्यानात ठेवा. पुढे ज्या मास्तरांच्या हाती मी लागलो, त्यांना हेच ठाऊक नव्हतं.

मोहगावचे नत्थूजी संत्र्याची कलमं लावायला खड्डे खणत होते, तेव्हा मी वर आलो. त्यांच्या बायकोने, कलाबाईने, मला पदराने पुसलं आणि देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवलं. रोज सकाळी ती एकेका देवाचं नाव घेऊन कुंकू लावायची. माझी पाळी आली की नुसतंच लावायची, कारण माझं नाव तिला माहीत नव्हतं. तरी बरे दिवस होते ते.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मुकुंद मास्तर सायकलवरून आले. ते सौसरच्या शाळेत शिकवायचे. नागपूरला एका प्रदर्शनात त्यांनी जुनी नाणी पाहिली आणि तेव्हापासून त्यांना नाद लागला. किराणा दुकानांच्या गल्ल्यांतून भोकाचे पैसे शोधायचे, काडेपेट्यांत कापूस घालून ठेवायचे, घरोघरी विचारत फिरायचे. कुठलंसं पुस्तक आणून ब्राह्मीची अक्षरंही शिकले होते.

अंगणातल्या उन्हात त्यांनी मला भिंगाखाली धरलं आणि कडेकडेने फिरवत अक्षरं लावली.

"काकू, इथं 'राजा श्री' लिहिलेलं दिसून राहिलं! पुढं नाव हाय, पन मातीनं झाकलं."

"मंग घेऊन जा मास्तर," कलाबाई म्हणाली. "पैसे नका देऊ मले. फक्त हा कोनाचा होय, थे येऊन सांगजा. इतके वर्सं कुकू लावून राहिली मी, कोनाले लावून राहिली थे त समजलं पायजे."

"सांगतो काकू. नक्की सांगतो."

मला मास्तर आवडले होते, मित्रांनो. दोन हजार वर्षांत माझं नाव वाचायला तळमळणारा तो पहिलाच माणूस. म्हणून तर माझ्या तळपायाची आग अजून मस्तकाला जाते.

त्यांनी सगळं व्यवस्थित सुरू केलं होतं. नागपूरच्या प्रभाकररावांना, जे अशी नाणी वाचण्यात मुरलेले होते, त्यांनी मला बघायला बोलावलं. गणपतीत येतो, असं ते म्हणाले. थोडी कळ काढायची होती, बस. पण पांढुर्ण्याचे भैय्याजी मधे आले. हे कापसाचे व्यापारी, गणपती मंडळाचे अध्यक्ष. मंडळात प्रदर्शन लावायचं म्हणून मास्तरांची नाणी बघायला ते घरी आले आणि मला बोटाने उलटं करून हसले.

"काय जी मास्तर, हे काळं बटन कोन पायीन? माल चमकला पायजे!"

दोन हजार वर्षं जगून मी बटण झालो. आणि मास्तरांना ते लागलं. मला नाही, त्यांना! नवशिक्या माणसाला आपल्या वस्तूला कोणी हसलेलं सहन होत नाही. त्यांनी भैय्याजींना दाराबाहेर काढायला हवं होतं. त्याऐवजी ते स्वयंपाकघरामागच्या मोरीवर गेले. गणपती येणार म्हणून त्यांची बायको वंदना समई, ताम्हण आणि पळी घासायला बसली होती. शेजारी चिंचेचा कोळ, राख आणि नारळाची शेंडी.

"अहो, हे देवाची भांडी होय," ती म्हणाली. "पैसा कायले घासता?"

"भांडी चमकतात, मंग हा काहून नाही चमकणार? माती निघाली का नाव बी दिसन."

आधी अंगठ्याने घासलं. मग शेंडीने. मी ओरडत होतो, पण पैशाचा आवाज दगडावर आपटल्याशिवाय कोणाला येतो? काळं पाणी माझ्या अंगावरून निघालं आणि मोरीतून वाहत गेलं. मास्तरांना वाटलं, मळ गेला. तो मळ नव्हता. माझा राजा त्या पाण्याबरोबर मोरीतून जात होता, आणि मास्तर वंदनाला म्हणत होते, "पाय, कसा निंगून राहिला!"

मंडळात मी लाल मखमलीवर लखलखलो. भैय्याजींनी पाठ थोपटली. लोकांनी माना डोलावल्या. दुपारी प्रभाकरराव आले. त्यांनी भिंग लावलं, मला उजेडाकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हे घासलं कोणी?"

"मीच सर. चिंचेनं."

"राजा श्री, एवढं खोल आहे म्हणून उरलं. पुढे कोण?"

"मातीखाली होतं, सर."

"मातीखाली नव्हतं हो," प्रभाकरराव हळू आवाजात म्हणाले. "मातीतच होतं." आणि त्यांनी मला मखमलीवर पालथं ठेवलं.

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. मला दया यायला हवी होती का? नाही आली. माझं गेलं ते परत येणारं नव्हतं. मोहगावच्या काकूंना आता काय सांगू, असं मास्तर पुटपुटले, तर भैय्याजींना त्यावरही उपाय सुचला. "त्या बाईले सांगून द्या ना कोनतंही मोठं नाव! तिले काय समजते?" हे ऐकून मला त्यांच्या कपाळावर उडी मारावीशी वाटली.

मास्तर सायकलवर मोहगावला गेले. मी खिशात होतो. वाटेत ते दोनदा थांबले, एकदा तर सायकल वळवलीसुद्धा. कलाबाई अंगणात तुरी पाखडत होती.

"मंग मास्तर? कोनाचा निंगाला?"

मास्तरांनी सायकल भिंतीला टेकवली. मग त्यांनी मला तिच्या हातावर ठेवलं.

"काकू, नाव होतं. मी घासून टाकलं. आता नुसतं 'राजा श्री' उरलं."

कलाबाईने मला उलटंपालटं केलं. तिने मला ओळखलंच नाही. मी पिवळट, गुळगुळीत, परका झालो होतो.

"माह्या देवघरात होता तवा नाव होतं ना?"

"होतं."

"मंग राहू द्या इथंच." तिने मूठ मिटली आणि ती आत गेली. मास्तरांना तिने चहा विचारला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात कुठे काळा, कुरूप पैसा असेल तर त्याला चिंच लावू नका, राख लावू नका, नखही लावू नका. कोणी हसलं तर हसू द्या. वाचणारा येईपर्यंत हात आवरा. हे मी प्रेमाने सांगत नाही, रागाने सांगतो आहे.

मी आता पुन्हा अन्नपूर्णेशेजारी आहे. रोज सकाळी कलाबाई एकेका देवाचं नाव घेऊन कुंकू लावते. माझी पाळी आली की ती बोट कुंकवात बुडवते, "राजा श्री" म्हणते, आणि पुढचं नाव यायची वाट बघत तशीच थांबते.