आधी खड्डा, मग बोला

मित्रांनो, जरा लांब उभे राहा. अजून थोडं. हं, आता ठीक. मी एक जुनी कुदळ आहे. माझ्याकडून गोडगोड गोष्ट ऐकायला मिळेल असं वाटत असेल, तर आत्ताच घरी जा. माझा जन्म मार खाऊन झाला, उभं आयुष्य मारण्यात गेलं, आणि माझ्या गोष्टीत रक्तही आहे. पण भाजीही आहे. दोन्ही एकाच परसात सांडलं आणि उगवलं, त्याला मी काय करू?

मी आधी भंगारातल्या एका ट्रकचं पोलाद होते. लोहारानं मला लालभडक होईपर्यंत भाजलं, ऐरणीवर आडवं पाडलं आणि दोघांनी मिळून घण घातले. मी ओरडले, ठिणग्या थुंकल्या, कोणी दाद दिली नाही. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा अशी फुत्कारले, की लोहार हसून म्हणाला, "ही तापट निघणार." निघाले! मऊ कुदळ कधी कोणी विकत घेतली आहे का?

मला एका वेल्डरनं घेतलं. न्हाणीघराचं पाणी बाहेर काढायला चर खणायचा होता, तेवढंच काम. चर झाला आणि मी मागच्या दाराला टेकून उभी राहिले. दाराबाहेर परस होतं. परस कसलं, विटांचे तुकडे, काचा आणि दगडासारखी जमीन. गवतालासुद्धा तिथं यावंसं वाटलं नव्हतं.

वेल्डरची बायको गाद्या शिवायची. तिला सगळे आक्का म्हणत. कापूस पिंजून पिंजून तिचे दंड चांगले घट्ट झाले होते, आणि जीभही काही मऊ नव्हती. पण वेल्डर म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. मीठ कमी पडलं, ताट भिंतीवर. बटण तुटलं, शर्टाच्या दोन चिंध्या. पाठीमागं एक शिंपी राहायचा, तो म्हणे, "यांच्याकडची भांडी घासून झिजत नाहीत, उडून झिजतात." लोक हसायचे. आक्काच्या दंडावरचे काळेनिळे डाग कोणी पाहिले नाहीत, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला त्या हसणाऱ्यांचा अजून संताप येतो.

एका दुपारी वेल्डरला कामाचा काळा चष्मा सापडेना. कामावर जायला उशीर होत होता. त्यानं फळ्या उपसल्या, गादी फाडली, कापूस घरभर केला आणि "तूच लपवलास!" असं ओरडत आक्काच्या अंगावर धावला. ती मागच्या दारानं बाहेर पडली. वाटेत मी होते. त्यानं मला उचललं आणि आक्काच्या डोक्यावर धरलं.

मित्रांनो, मी तेव्हा वरून पाहिलं. तिचा भांग दिसत होता. भांगात कापसाचा एक धागा अडकला होता. माझं पातं तिथंच पडणार होतं.

आक्कानं वर बघितलं आणि म्हणाली, "चष्मा कपाळावर आहे तुमच्या." आणि एक पाऊल बाजूला सरली.

मी सुटलेच होते. धाडकन जमिनीत घुसले, पार दांड्यापर्यंत. वेल्डर मला उपटायला लागला. निघेन तर शपथ! त्यानं दातओठ खाल्ले, शिव्या दिल्या, लाथ मारून स्वतःचाच अंगठा फोडला. निघाले तेव्हा त्यानं पुन्हा तिथंच मारलं, पुन्हा मारलं, दगड फुटले, काचा उडाल्या, त्याच्या तळहाताची साल निघाली. शेवटी तो धापा टाकत खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. चष्मा कपाळावर तसाच.

आक्का त्याला समजवायला गेली नाही. ती खड्ड्याकडे बघत होती. आत गेली, भाजीची सालं-देठं आणि भोपळ्याच्या चार बिया घेऊन आली. सालं तळाशी, वर माती, मातीत बिया. मग म्हणाली, "यापुढं या घरात ज्याला हात उचलावासा वाटेल त्यानं जमिनीवर उचलायचा. आधी खड्डा, मग बोला. आणि ही पुन्हा माणसावर उगारलीत, तर मी आपल्या पोराला घेऊन गेले म्हणून समजा. मग भोपळा तुम्हीच खा."

असा आमच्या घरात कायदा आला. बाकीच्या घरांत राग आला की दारं आपटतात, आमच्याकडे मला उचलायचे. वेल्डर मालकावर चिडून आला की खड्डा. आक्काचा गिऱ्हाइकाशी वाद झाला की खड्डा. ती खणायची तेव्हा तोंडानं त्या गिऱ्हाइकाचा असा उद्धार करायची की गांडुळंसुद्धा खाली सरकत असतील! त्यांच्या एकुलत्या एका पोराला मी नीट पेलवत नव्हते, तरी तो शाळेत मार खाऊन आला की मला दोन्ही हातांनी ओढत न्यायचा. एकदा मी त्याच्या पायावर पडले. नख गेलं, रक्त मातीत गेलं. आक्कानं जखमेवर हळद दाबली आणि त्या मातीत मिरचीचं रोप लावलं.

खड्ड्यात घरातला सगळा ओला कचरा जायचा, वर माती, वर बी. जमीन काळी झाली, भुसभुशीत झाली. मधमाश्या आल्या. पालक, मुळे, वांगी, टोमॅटो, आणि कुंपणावर तो भोपळा हातपाय पसरून. जेवायला बसलं की वेल्डर विचारायचा, "आज काय?" आक्का म्हणायची, "गेल्या आठवड्यातलं भांडण. वांग्याबरोबर." आणि तिघंही हसत जेवायची. मातीत घाम गाळून आलेल्या माणसाला भूक लागते आणि भूक लागली की बोलणं मवाळ होतं, हे मी रोज दारातून बघत होते.

वेल्डरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो शेवटपर्यंत भडकायचा. पण त्याचा हात परत कोणावर पडला नाही. तो वारला त्या दिवशी आक्का रडली नाही. तिनं मला उचललं आणि मागच्या दारासमोर कमरेइतका खड्डा खणला. त्यात तिनं कागदी लिंबाचं रोप लावलं आणि मग रडली.

पुढं पोरगा मोठा झाला, लग्न झालं, मुलगी झाली. तिला सगळे टिकली म्हणत. सूनबाई शांत घरातली. आवाज इतका हळू की तिनं हाक मारली तर मांजरही वळून बघायचं नाही. पोरानं मालवाहू टेम्पो घेतला, दिवसभर रस्त्यावर हॉर्न ऐकायचे आणि शिव्या खायच्या. घरी येऊन खड्डा खणायला त्याला लाज वाटायला लागली. "लोक हसतात," म्हणायचा. राग मात्र बापाचा, जसाच्या तसा.

आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती दवाखान्यात पडली होती. तेवढ्यात त्यानं टेम्पो उभा करायला परस मोकळं करायचं ठरवलं. आणि कशानं? माझ्यानंच! माझ्याच पात्यानं त्यानं लिंबाचं झाड मुळापासून उपटलं. वाफे सपाट केले, भोपळ्याचा वेल फरफटत ओढून जाळला. वर खडी, वर सिमेंट. गांडुळं, बिया, बापाचे सगळे खड्डे, सगळं खाली जिवंत गाडलं. मला त्यानं माळ्यावर फेकलं. आक्का घरी आली, दारात उभी राहिली आणि काठीनं सिमेंट ठोकून बघितलं. मला त्या आवाजाची भीती वाटली.

मग घरात जे व्हायचं तेच झालं. राग कुठं जाणार? सिमेंट तर घेत नाही. आधी कपबश्या फुटल्या, मग आरसा. एकदा टीव्हीच्या काचेत डबा बसला. भाजी पिशवीतून यायची, सुकलेली. पाकिटं फोडून उभ्या उभ्या जेवायचे. पाऊस पडला की परसातलं पाणी जिरेना, स्वयंपाकघरात शिरायचं. त्यावरूनही भांडण. मी माळ्यावर गंज खात सगळं ऐकत होते, झरोक्यातून बघत होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

एका रविवारी टिकलीनं आक्काकडून भोपळ्याचं एक बी मागून घेतलं. टेम्पोतला पाना घेतला आणि परसात बसून सिमेंटला ठोकायला लागली. टवका उडाला, तिला आनंद झाला. आणखी ठोकलं.

बापानं दारातून पाहिलं. "काय करतेस? काय करतेस गं?" तो धावला आणि त्यानं तिच्या कानाखाली अशी मारली, की पोर उडून टेम्पोच्या कोपऱ्यावर आपटली. ओठ फाटला, एक दात सिमेंटवर पडला. सूनबाईनं किंचाळून तिला छातीशी धरलं. इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग माळ्याची शिडी करकरली. त्या गुडघ्यांनी आक्का वर आली. तिनं मला ओढलं, खाली आणलं आणि फरशीवरून खरडत परसात गेली. बापाला बघून पोरगी आईच्या पदरात घुसली होती, आणि स्वतःच्या आईला बघून पोरगा मागं सरकला.

"आई, ठेव ती."

आक्कानं मला डोक्यावर उचललं. आणि पुन्हा एकदा माझ्याखाली माणसाचं डोकं होतं. खोटं कशाला बोलू, मित्रांनो? मला पडायचं होतं. त्या दातासाठी, त्या लिंबासाठी, सगळ्यासाठी.

"आई!" त्याची बोबडी वळली.

आक्कानं मला त्याच्या पायापाशी आणलं. सिमेंटवर. ठिणग्या उडाल्या, मी टणकन परत आले, तिच्या गुडघ्यातून कळ गेली. तिनं पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा तिला उचलवेना.

"द्या इकडं," सूनबाई म्हणाली. लेकीला आक्काच्या मांडीवर दिलं आणि पदर खोचला. मित्रांनो, मी लोहाराचे घण खाल्ले आहेत, पण असा मार मी कधी दिला नव्हता! इतक्या दिवसांचं न बोललेलं सगळं तिच्या दंडात उतरलं होतं. माझं एक टोक तुटून उडालं. पण सिमेंटला तडा गेला, भेग टेम्पोपर्यंत पळाली आणि खालून काळी माती दिसली.

पोरगा हात पुढं करून म्हणाला, "मी... मी करतो."

"नाही. तुमची पाळी शेवटी." सूनबाईनं मला टिकलीच्या हातात दिलं. सुजल्या गालाची ती पोर, तिनं जेमतेम मला उचललं आणि टाकलं. चार खडे उडाले. तिनं बी त्या भेगेत टाकलं.

त्याच संध्याकाळी सूनबाई लेकीला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "जमीन मोकळी झाल्याशिवाय मला आणायला येऊ नका. आणि नुसती जमीन मोकळी झाली म्हणून मी येईनच असं नाही."

टेम्पो परसातून रस्त्यावर गेला. पोरगा रोज कामावरून आला की मला उचलायचा. आक्का त्याला ताट वाढायची, पण शेजारी बसायची नाही. तो फोडायचा, रडायचा, फोडायचा. हातांना फोड आले, फुटले, दांडा लाल झाला. शिंपी कुंपणावरून बघायचा, या वेळी हसला नाही. सगळं परस उघडं पडलं, तोवर भोपळा कुंपणापर्यंत पोचला होता. त्यानं लिंबाचं नवं रोप लावलं. मग तो सासुरवाडीला गेला आणि दाराबाहेर उभा राहिला. पहिल्यांदा हात हलवत परत आला. दुसऱ्यांदाही. कितव्यांदा तरी ती आली.

मित्रांनो, सगळं गोड झालं असं ऐकायचं असेल तर मी नाही सांगणार. टिकलीला नवा दात आला, पण ती अजून बापाच्या हाताच्या टप्प्यात बसत नाही. पाट आक्काच्या पलीकडं ओढून घेते. तो बघतो आणि मान खाली घालून जेवतो. बघू दे. असंच असायला हवं.

माझी एकच मागणी आहे. मला तेल लावू नका, माझं कौतुक करू नका. फक्त मला माळ्यावर टाकू नका, आणि घरामागं माझ्या पात्याएवढी तरी जमीन उघडी ठेवा. जिथं माती राहत नाही, तिथं हात माणसावर जातो.

कालच फोनवर कोणाशी तरी वाजलं आणि बापाचा आवाज चढला. मूठ आवळली. सूनबाई उठायच्या आत टिकली उठली. मला दोन्ही हातांनी फरशीवरून खरडत आणलं, लांबूनच बापाच्या पायापाशी ढकललं आणि आक्कामागं उभी राहून म्हणाली,

"बाबा, आधी खड्डा. मग बोला."

त्यानं मूठ सोडली आणि मला उचललं.