दोघांत मिळून दोन कान

दादाच्या सीडी प्लेअरमधून वहिनी नाहीशा झाल्या, तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या तबकडीवर दोन आवाज आहेत. पुतणी शाळेत असताना मायलेकींनी मिळून गाणी म्हटली होती. रेकॉर्ड करणाऱ्यानं आईला स्पीकरच्या डाव्या पेटीत बसवलं, लेकीला उजव्या. आता लेक तेवढी गायची, आणि आईनं सूर उचलायचा तिथं सगळं गप्प.

"नेमका माझाच आवाज गेला," वहिनी म्हणाल्या. "एरवी तरी या घरात कोण ऐकतंय म्हणा."

लेकीनं नवा छोटा स्पीकर पाठवला होता. त्याला फळीवर जागा हवी होती आणि भंगारवाला सकाळी यायचा होता. संध्याकाळच्या चहापर्यंत यंत्र बोललं तर राहील, नाहीतर जाईल, असा निकाल वहिनींनी दिला. दादाचं तोंड उतरलं. नवा स्पीकर फोनवरून गातो, तबकडी काही त्याच्या घशाखाली उतरत नाही. मग त्यानं मला बोलावलं.

आम्ही भावांनी जन्म काढला तो पुठ्ठ्याच्या कारखान्यात, एकाच यंत्रावर. मधे यंत्र, त्याच्या उजवीकडे दादा, डावीकडे मी. त्या धडधडीनं दादाचा डावा कान खाल्ला आणि माझा उजवा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, मान्य फक्त आम्हाला नाही.

आधी झाकण उघडून स्पिरिटच्या कापसानं भिंग पुसलं. गाणं अडखळायचं ते थांबलं, पण वहिनी काही परतल्या नाहीत.

"धाकट्या, वायरींची अदलाबदल करू," दादा म्हणाला.

प्लेअरच्या पाठीतून लाल आणि पांढरी अशा दोन वायरी अॅम्प्लिफायरमध्ये जातात. तिथं त्यांच्या जागा बदलायच्या. गप्प पेटी बोलू लागली आणि बोलकी गप्प झाली, तर खोट प्लेअरकडची. काहीच हललं नाही, तर प्लेअर निर्दोष, दुखणं पुढं कुठंतरी. मी वायरी बदलल्या. दोघं कोचावर बसलो, कान टवकारून.

"डावी गप्प होती, डावीच गप्प आहे," दादा म्हणाला.

"डावी कुठली? उजवी गप्प होती. आणि अजून तीच आहे."

"तुला लहानपणापासून डावं-उजवं कळत नाही."

"बरं, पण हललं नाही ना?"

"छे, जराही नाही."

जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. त्यानं डाव्या पेटीचे स्क्रू काढायला घेतले, मी उजव्या.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या.

"लेक मघाशी उजवीकडून गात होती. आता डावीकडून गातेय. तुम्ही चांगल्या पेट्या कशाला सोलताय?"

"शक्य नाही," आम्ही दोघं म्हणालो.

"कान राहू द्या हो. हात लावून बघा."

पेटीच्या कापडावर तळहात ठेवला. डावी थरथरत होती, उजवी दगडासारखी थंड. वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या, तर उजवी थरथरली. आमचे धड कान एकेकच, आणि एका कानाला आवाजाची बाजू कळत नाही. ज्याचा जो कान धड, त्याला गाणं तिकडूनच येणार.

"भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या, "तुम्हा दोघांत मिळून दोन कान. तेही एका डोक्यावर नाहीत."

मग प्लेअरच्या पाठीमागं बघितलं. डाव्या वायरीचं टोक भोकात सैल झालं होतं, आत काळा मळ. स्पिरिटनं पुसलं, टोकाचं कडं पकडीनं जरा आवळलं आणि आत दाबलं. थोडी खरखर झाली, आणि ओळीच्या मधूनच वहिनींचा आवाज उगवला.

चहावर साय धरली तरी ट्रे त्यांच्या हातातच होता. "बाई, किती चढवलाय मी सूर," त्या पुटपुटल्या.

दादानं खुर्ची डाव्या पेटीशी ओढली. धड कान बायकोच्या आवाजाला लावायचा, म्हणून आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं. शिक्षा केलेल्या पोरासारखा बसला होता, पण चेहरा खुललेला.

"भंगारवाल्याला नको म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या. "पण उद्या तुम्ही दोघांनी कानाच्या डॉक्टरकडं जायचं."

"काय म्हणतेय रे ती?" दादानं भिंतीला विचारलं.

"कोण जाणे," मी म्हणालो. "मलाही ऐकू आलं नाही."