शेपटीवरची एकतीस नावं

आमच्याकडे कोणी देवळाला पंखा दिला, तर पंखा एक आणि नावं तीन असतात, पात्यागणिक एक. पंखा सुरू झाला की तिन्ही नावं दिसेनाशी होतात, म्हणून पुष्कळ देवळांत तो बंदच ठेवतात. मी तक्रार करत नाही. माझं पोट त्यावरच चालतं. नागपुरात सदरमध्ये माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे, आणि अक्षराला सोनेरी कड व मागं सावली मी फुकट देतो. या फुकट सावलीनं एक विमान जवळजवळ जमिनीवरच ठेवलं होतं, त्याची ही हकिगत.

विमान वंदनाआत्याचं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, वय एकोणपन्नास. बावीस वर्षं तिनं पोरांना विमान चालवायला शिकवलं, आणि सहा वर्षांपूर्वी भोपाळच्या एका गृहस्थांकडून एक अर्धवट विमान आणलं. जुन्या पद्धतीचं, पंखावर पंख असलेलं, एका माणसाचं. गृहस्थांनी ते बायकोच्या नकळत घरी बांधायला घेतलं होतं. दुसरा पंख लावायची वेळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

शहराबाहेर बेसा गावातल्या तिच्या घरामागं टिनाच्या शेडमध्ये आत्यानं ते पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. शेजारच्या शोभाताईंनी आपल्या शिवणक्लासच्या अकरा बायांना घेऊन पंखांवर आणि शेपटीवर कापड चढवलं, दर दोन इंचांवर एक गाठ, अशा साडेतीन हजार गाठी. कोणी टायर दिले, कोणी सीट, कोणी तारा. देताना प्रत्येक जण सहज म्हणायचा, नाव टाकजा. पंखांवर सरकारी अक्षरं येणार होती, नाकाशी इंजिनाची गरमी होती. उरली शेपटी. तिच्यावर मी एकतीस नावं बसवली. सावलीसकट.

उभ्या सुकाणूवर मात्र नाव नव्हतं, चित्र होतं. सावनेरच्या भैयाजींनी आपल्या शेतातली आठशे पावलांची सपाट पट्टी धावायला दिली होती, आणि बदल्यात त्यांना वडिलांचा, कै. धोंडबांचा, फेट्यातला फोटो हवा होता. मी तो मन लावून रंगवला. नुसत्या मिशांनाच रंगाचे तीन हात दिले.

मग भैयाजींनी त्या शेताचं लेआउट टाकलं, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडले. लपवाछपवी केली नाही, आत्याला तीन महिने आधी सांगितलं. सोमवारी भूमिपूजन, मंगळवारपासून जेसीबी. तपासणीसाठी सरकारी साहेब मिळाले ते आदल्या शनिवारी, आणि त्यांच्या पुढच्या तारखा थेट सप्टेंबरातल्या होत्या. म्हणजे शनिवारी उडालं तर उडालं. नाहीतर आत्याच्या सहा वर्षांवर कोणीतरी टू बीएचके बांधणार होतं.

शनिवारी सकाळी पट्टीवर गेलो तर चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या आणि प्लॉटांचे नंबरही टाकलेले होते. ट्रकनं आणून जोडलेलं विमान प्लॉट नंबर एकवर उभं होतं. कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वमुखी.

कापसाच्या जिनिंगमधून आणलेल्या तीन वजनकाट्यांवर साहेबांनी ते चढवलं, दोन चाकं दोन काट्यांवर, उचललेली शेपटी तिसऱ्यावर. साहेब बारीक अंगाचे, हळू आवाजाचे. त्यांनी आकडे लिहिले, भागाकार केला, पुन्हा केला, आणि म्हणाले की शेपूट जड आहे, तोल चार बोटं मागं गेलाय. असं विमान उडतं हो, पण नाक वर करतं आणि मग ऐकत नाही. सही होणार नाही.

आत्याचा विश्वासच बसेना. रंगाआधी तिनं स्वतः वजन केलं होतं आणि तोल जिथल्या तिथं होता. हे बोलता बोलता ती थांबली आणि हळूहळू माझ्याकडं वळली.

"जितू, रंगाचे डबे किती लागले गा?"

"नऊ. पण छोटे होते."

"आन् लावले कुठं?"

मी शेपटीकडं पाहिलं. शेपटीवरून धोंडबा माझ्याकडं पाहत होते.

साहेबांनी मला समजावून सांगितलं की शेपटीवरचा एक किलो उतरवायला नाकाशी चार किलो ठेवावे लागतात, कारण शेपटी लांब असते. मी म्हटलं, म्हणजे आमच्या लांबच्या नातेवाइकांसारखं. ते हसले नाहीत. त्यांची गाडी चारची होती.

रंग खरवडायचा का, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शोभाताई म्हणाल्या, माह्या टाक्यावर ब्लेड चालवशीन त आधी माह्यावर चालव. भैयाजी तोवर पोचले होते. त्यांना प्रकार कळला तसे ते सुकाणूसमोर जाऊन उभे राहिले, हात पसरून.

"बुढ्याचं तोंड पुसता का तुम्ही? जिवंतपणी कोणाची हिंमत नाई झाली."

"चित्र उत्तम आहे," साहेब म्हणाले. "जमिनीवर."

तर मग नाकाशी सहा किलो हवे होते. घट्ट, बोल्टानं कसलेले, हलणार-बिलणार नाहीत असे. शिशाचं दुकान नागपुरात, आणि शनिवारी त्याची सुट्टी. शोभाताईंनी कोळशाची इस्त्री देऊ केली. कोणीतरी पळत जाऊन व्यायामशाळेतला डंबेल आणला. साहेब प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत होते, बसवणार कसं. आत्या इंजिनात डोकं घालून उभी होती आणि घट्ट असलेलेच बोल्ट पुन्हा आवळत होती. ती चिडली की सगळ्यांना पुरेल इतकं बोलते. आज ती नुसते बोल्टच आवळत होती, म्हणून मला भीती वाटली.

आणि तेव्हा मला आठवलं की माझ्या टेम्पोत भैयाजींची पाटी आहे.

सोमवारच्या भूमिपूजनाची. दगडाची कोनशिला तडकते म्हणून त्यांनी पितळेची करवून घेतली होती, बोटाच्या पेराएवढी जाड. अक्षरं मीच कोरली होती. वर लेआउटचं नाव, खाली भैयाजींचं, त्याच्या खाली पुन्हा भैयाजींचं, कारण उद्घाटकही तेच होते. चारही कोपऱ्यांत भोकं होती.

मी कोणाला न विचारता पाटी काट्यावर ठेवली. सहा किलो दोनशे ग्रॅम.

साहेबांनी पाटी पाहिली, इंजिनामागची पोलादी भिंत पाहिली, फूटपट्टी लावली. दोन भोकं जुळत होती आणि दोन नवी पाडता येत होती. त्यांनी भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. तोल हद्दीच्या आत येत होता, एक बोट राखून.

आता सगळे भैयाजींकडं पाहत होते. ते आत्याजवळ गेले.

"तिथं लावली त दिसन का कोणाले?"

त्या जागी मी असतो तर हो म्हटलं असतं. ऊन पडलं की चमकते, असंही जोडलं असतं. आत्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"नाई, भैयाजी. वरून पत्रा येते. कोणालेच दिसत नाई."

भैयाजींनी आयुष्यात न दिसणारं काही दिलं नव्हतं. त्यांच्या बाकांवर नावं, पाणपोईवर नाव, रक्तदानाच्या सर्टिफिकेटांवर त्यांचा फोटो. ते पाटीवरून अंगठा फिरवत उभे राहिले, आणि मी मनातल्या मनात टू बीएचकेला रंग देऊ लागलो.

साहेबांनी कागदावरून मान न उचलता सांगितलं की नोंद तर होईलच. वस्तू काय, वजन किती, तिच्यावर कोरलंय काय. वर्णन पूर्ण लागतं.

"नावासकट?" भैयाजींनी विचारलं.

"नावासकट. तीन प्रतींत."

"सरकारी कागदावर?"

"काढू नये, असा शेराही असतो."

भैयाजींनी पाटी आत्याच्या हातात दिली. तिनं सांगितलं की मग सोमवारी ती मिळणार नाही, विमान आहे तोवर मिळणार नाही. "तू आधी उडून त पाह्य वं," ते म्हणाले, आणि पाना त्यांनी स्वतः धरला.

तीनला सही झाली. साडेतीनला आत्या आत बसली, पट्टे आवळले, सुकाणू डावी-उजवीकडं हलवून पाहिलं. धोंडबांनी दोन्ही बाजूंना नकारार्थी मान हलवली. मी विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवला. पहिल्यांदा इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा त्यानं निळा धूर माझ्या तोंडावर सोडला. तिसऱ्यांदा ते असं पेटलं की शिवणक्लासच्या अकराही बायांचे पदर एकाच दिशेला उडाले आणि व्यायामशाळेवाला डंबेल टाकून पळाला.

विमान सुटलं. प्लॉट दोन, तीन, चार. चुना उडून मागं पांढरा ढग झाला, त्यातून मीही पळत होतो. कशासाठी, ते विचारू नका, सगळेच पळत होते, साहेबसुद्धा, फाइल छातीशी धरून. नवव्या प्लॉटाला शेपटी तशीच खाली. दहाव्याला तशीच. माझे नऊ डबे मला एकेक करून आठवत होते. अकराव्याला शेपटी उचलली गेली, अलगद, कोणी हाताला धरून उठवल्यासारखी, आणि शोभाताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की तो अजून हिरवा आहे. सतरा. अठरा. तेविसाव्याला एक उसळी, पुन्हा जमीन, पुन्हा उसळी, आणि चौतिसाव्या नंबरवर चाकांखाली ऊन दिसलं.

चौतीस नंबर म्हणजे बगीच्याची जागा. तिथं बांधकामाला परवानगी नाही, उडायला कोणी हरकत घेत नाही.

तुरीच्या शेतावरून ते चढलं, वळलं, आणि दोन्ही पंखांतून आरपार आभाळ दिसलं. आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा एकतीस नावं कोणालाही वाचता आली नाहीत. टायरवाला आपलं नाव शोधत उलटा पळत होता. पण फेटा दिसला. भैयाजी बांधावर चढून हात जोडून उभे होते आणि भोवतीच्या लोकांना सांगत होते की बुढा साधा एसटीत बसायले भ्यायचा.

साहेबांनी दहा मिनिटांची परवानगी दिली होती. आत्या एकतीस मिनिटांनी उतरली. तिनं चष्मा काढला तर डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं आणि बाकी चेहरा तेलानं काळा. साहेब घड्याळ दाखवत पुढं झाले. ती म्हणाली की माणशी एक मिनिट केलं, कोणाचंच नाव राहू नये म्हणून. हे साहेबांना नियमात बसतं की नाही ते ठरवता आलं नाही, आणि त्यांची गाडी सुटली होती.

सोमवारी भूमिपूजन झालं नाही, म्हणून मंगळवारी जेसीबीही आला नाही. पाटीशिवाय नारळ कोणासमोर फोडायचा, असं भैयाजींचं म्हणणं पडलं. नवी पाटी अर्थात माझ्याकडंच आली. मी त्यांना सांगितलं की पितळेवर घाई केली तर अक्षर रडतं, रोज एकच अक्षर होईल. नाव मोठं आहे, आणि दोनदा आहे.

काल त्यांचा फोन आला. आवाजामागं इंजिन ऐकू येत होतं, म्हणजे ते पट्टीवरच होते. मला वाटलं, आता तगादा. पण ते म्हणाले, घाई करू नको, आणि नावापुढं बी.ए. टाकजो, आणि आजोबाचंही कुठं बसते का पाहजो. मग एकदम म्हणाले, "थांब, वंदना सुटली," आणि फोन चालूच ठेवून मोठ्यानं प्लॉट मोजू लागले.