आधीचा अंक, नंतरचा अंक

दिनूभाऊ आठवतो तो नेहमी खिडकीपाशी, उन्हासमोर कागद धरून उभा असलेला. मार्चमधलं अकोल्याचं ऊन, अजून चावायला न लागलेलं, पण हिवाळ्याची सगळी माया सोडलेलं. त्या उन्हात कागदाची मागची बाजू पुढे येई आणि एका पानावरची माणसं दुसऱ्या पानावरच्या माणसांत मिसळून जात. तो डोळे बारीक करून बघत राही. बांधकाम खात्यात तो ट्रेसर होता. पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर उतरवण्यात त्याचा दिवस जाई, आणि म्हणूनच की काय, कोणत्याही गोष्टीच्या आरपार बघण्याची सवय त्याच्या मानेला, खांद्यांना, बोटांनाही जडली होती. त्या बोटांना गव्हाच्या खळीचा आंबूस वास असे. तो वास अजून कुठे आला की मी थकतो. आठवणींनीही माणूस थकतो, हे उतारवयात कळतं.

खळ लागे ती चित्रकथांसाठी. साठ सालानंतरचे ते दिवस होते. स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडे मुंबईहून गठ्ठे येत, त्यांत कधी परदेशी चित्रकथांचे अंक निघत, मुखपृष्ठ फाडून टाकलेले, त्यामुळे क्रमांक नाही, तारीख नाही, जणू आईबापांचं नाव पुसलेली मुलं. रविवारी दुपारी आम्ही तिघं दिनूभाऊच्या खोलीत जमत असू: तो, पोस्टात कारकून असलेला उत्तम आणि मी. मी शाळेत इंग्रजी शिकवी, म्हणून अर्थ सांगायचं काम माझं. दिनूभाऊ तो अर्थ ऐके, क्षणभर तोंडात घोळवी, आणि कागदाच्या बारीक चिठ्ठीवर आपल्या बोलीत लिहून पात्राच्या तोंडापुढच्या फुग्यावर चिकटवी. त्यामुळे समुद्रापलीकडचे ते महाबली आमच्या खोलीत शिरले की वऱ्हाडी बोलत. जळत्या मनोऱ्यावर उभा असलेला त्यांचा नायक म्हणे, "तुमी मांगं व्हा बाप्पा, मी पाहतो." दिनूभाऊची बायको, सुशीलावहिनी, चुलीपाशी बसून हसे.

ते पाच जण होते. नावं उत्तमने ठेवलेली. सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा कप्तान, हातातून वीज सोडणारी वीजबाई, पोलाद्या, पाणबुड्या, आणि पाचवा सावळ्या, जो सावलीसारखा भिंतीतून आरपार जाई. गोल टेबलाभोवती त्यांच्या पाच खुर्च्या असत. मला कप्तान आवडे. त्या आवडीबद्दल आज मला मनातून अपराधी वाटतं. ज्याला कधी चुकावंच लागलं नाही अशा माणसाच्या मागे उभं राहायला फार कमी लागतं, आणि मी आयुष्यभर बहुधा तिथेच उभा राहिलो. दिनूभाऊचं तसं नव्हतं. त्याची नजर चित्राच्या कडेला, अर्ध्या अंधारात रंगवलेल्या सावळ्यावर रेंगाळे, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर तिन्हीसांजेला घराकडे वळलेल्या बैलाचा शीण दिसे.

सावळ्याचे दोनच अंक आम्हाला मिळाले होते. पहिल्यात तो त्या टेबलापाशी बसून शहर वाचवतो. दुसऱ्यात तो भिंतीतून जाऊन चोरांसाठी तिजोरीघराचं दार आतून उघडतो, जिन्यावरून चौकीदार कोसळतो, आणि शेवटच्या चौकटीत सावळ्या मान खाली घालून कप्तानापुढे उभा राहतो. त्या पानाचा कोपरा फाटला होता, कप्तान काय म्हणतो ते गेलेलं. आम्ही ठरवलं, सावळ्या फितूर झाला. आपल्यांत बसलेला माणूस उलटला. दिनूभाऊने तशी चिठ्ठी लिहून चिकटवलीही, पण चिकटवताना त्याचा अंगठा तिच्यावर नको इतका वेळ दाबलेला राहिला.

त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं, आणि ते आम्ही कधी बोलत नव्हतो. त्याचा धाकटा भाऊ मधू अमरावतीच्या तुरुंगात होता. चांदूर बाजारकडच्या त्यांच्या गावी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, भांडण होऊन त्याने शेजारच्या शेषरावांच्या हातावर कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, घातला होता. हात तुटला नाही, पण कोपरापासून खाली तो पुन्हा कधी कामाचा झाला नाही. हाच मधू लहानपणी दिनूभाऊच्या पाठीवर बसून शाळेत जाई. दिनूभाऊ त्याला भेटायला एकदाही गेला नव्हता. शिक्षा संपत आली तेव्हा गावाने निरोप धाडला होता की त्याला इकडे आणू नका. आणि अकोल्याच्या त्या खोलीचं दार त्याला उघडायचं की नाही, हे दिनूभाऊला ठरवायचं होतं. वहिनींचं ठरलेलं होतं. "येतीन त येऊ द्या," त्या म्हणत. "भाकर माह्या हातची हाये, तुमच्या कप्तानाच्या नाही." दिनूभाऊ यावर खिडकीपाशी जाई आणि उन्हात कागद धरी.

दरम्यान माझी अमरावतीला बदली झाली. तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला सावळ्याच्या चोरीचा तो अंक पुन्हा दिसला, या वेळी क्रमांक छापलेल्या मुखपृष्ठासकट, कोपऱ्यासकट. मी तो घेऊन रविवारी अकोल्याला आलो. गोल टेबलाचा आमचा अंक कितवा, ते त्याच्या आतल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं. इतकी वर्षं ते आमच्याच एका चिठ्ठीखाली दडलेलं राहिलं होतं. दिनूभाऊने ती ओल्या फडक्याने भिजवून हलकेच सोलली. चोरीचा अंक आधीचा होता. टेबलाचा नंतरचा. आमच्या प्रतीत फाटलेल्या त्या कोपऱ्यात कप्तान सावळ्याला म्हणत होता की आमच्यात ये. आम्ही त्याचं आयुष्य उलट्या टोकाकडून वाचलं होतं.

दिनूभाऊने दोन्ही अंक नव्या क्रमाने एकावर एक ठेवले. बाहेर कडुलिंबाचा मोहर झडत होता आणि त्याचा कडवट गोडवा पडद्यामागून आत येत होता.

"म्हन्जे तो फितूर नाही झाला," तो शेवटी म्हणाला. "सुधरला."

"सुधरला त सुधरला," उत्तम म्हणाला. उत्तमला हळवेपणाची चीड होती. छप्पन्न साली बापाबरोबर दीक्षा घेऊन घरी आलेल्या या माणसाला मोठ्या मनाच्या गोष्टी सांगणारे फार भेटले होते. "पन तो चौकीदार? जिन्यावरून पडला, एका चौकटीत कन्हला, अन् पान पलटलं का गायब. त्याले कोनी इचारलं का, बाप्पा, याले आमी खुर्ची देऊन राहिलो, तुहं काय म्हननं हाये?"

"तू चहा पे."

"चहा त पेतोच लेका. पन इचारलं का?"

मी कप्तानाची बाजू घेऊन काहीतरी म्हणालो. काय ते सांगण्यासारखं नाही. त्यात शब्द चांगले होते एवढंच. दिनूभाऊने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो उत्तमकडे पाहत होता, आणि मला वाटलं, आजवर उन्हासमोर धरलेल्या एवढ्या कागदांतून त्याला जे दिसलं नव्हतं ते आता समोर बसून बशीतून चहा ओढत आहे.

पुढच्या हिवाळ्यात मधू सुटला. दिनूभाऊने मला सोबत बोलावलं होतं. तुरुंगाच्या दारातून बाहेर आलेला मधू थोरल्यापेक्षा म्हातारा दिसत होता. दोघे भाऊ एकमेकांच्या पायांकडे बघत उभे राहिले. मग दिनूभाऊ म्हणाला, "चाल. आधी शेषरावकडं."

"तिथं कायले?" मधू एक पाऊल मागे सरला. "मारतीन ते मले."

"मारलं त मारलं. त्याहिले न इचारता मी तुले घरी नेत नाही."

चांदूर बाजारच्या मोटारीने आम्ही निघालो. वेचणीचे दिवस होते. गाड्यांतून सांडलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना लटकला होता, आणि पांढऱ्या त्या चिंध्यांमधून काळी जमीन मैलोगणती मुकाट पसरली होती. दिनूभाऊ खिडकीबाहेर बघत होता. त्या प्रवासात त्याच्या पाठीला जो बाक आला तो नंतर कधी गेला नाही.

शेषराव अंगणात खाटेवर होते. उजवा हात मांडीवर, कुणी ठेवून विसरल्यासारखा. मधू त्यांच्यापुढे जमिनीवर बसला. दिनूभाऊच बोलला. "काका, याले मी अकोल्याले घेऊन जाऊ का? तुमी नाही म्हटलं त नाही नेत."

अंगणात ऊन होतं, कोंबड्या होत्या. शेषराव उठले. सून पुढे झाली तिला त्यांनी मानेनेच थांबवलं. डाव्या हाताने रांजणातून लोटा बुडवून ते आले. निम्मं पाणी वाटेत सांडलं.

"बसा म्हननार नाही मी," ते म्हणाले. "अन् तू कुठंही ने त्याले, तो तुहा भाऊ हाये. पानी पेऊन जा."

मधूने ओंजळीने पाणी घेतलं. मग मला मिळालं. शेवटी दिनूभाऊने लोटा तोंडाला लावला, उभ्यानेच, डोळे मिटून, आणि लोटा खाली ठेवत शेषरावांना हळू आवाजात काही म्हणाला.

मधू पुढे त्याच्याकडेच राहिला. शेषराव गेले, वहिनी गेल्या, मधूही गेला, आणि दिनूभाऊला जाऊनही आता बराच काळ लोटला. क्षमा झाली होती की नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची उमेदही आता राहिलेली नाही. फक्त थकलेल्या दुपारी ते अंगण डोळ्यांपुढे येतं, दिनूभाऊच्या गळ्यातून उतरणारा पाण्याचा घोटही दिसतो. पण त्यानंतर तो काय म्हणाला ते तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी विचारावं असं आता कुणी उरलेलं नाही.