चिमीचे निरोप

समुपदेशक बाईंची खोली मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. टेबल नाही, काही नाही. गोल मांडलेल्या खुर्च्या आणि मधोमध कागदी रुमालांचा डबा. म्हणजे रडायचं ठरलेलंच! मी कपडे दुरुस्त करणारी. उसवलं की शिवायचं, त्यात एवढं बोलायचं काय?

पण नाइलाज होता. आमची सोळा वर्षांची चिमी महिनाभर घरात चकार शब्द बोलली नव्हती. शाळेत बोलायची, माझ्या बहिणीशी फोनवर तासन्‌तास बोलायची. घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. आता तिने मावशीकडेच राहायला जायचं ठरवलं होतं. रविवारी निघणार होती. त्याआधीची ही शेवटची बैठक, आणि मला माझी लेक घरात हवी होती. बास.

तिचे बाबा दोन खुर्च्या सोडून बसले होते. लिफ्ट दुरुस्त करतात ते. अडकलेल्यांना बाहेर काढतात, घरात मात्र मुखस्तंभ! मला न विचारता त्यांनी आपल्या भावाला घरी ठेवून घेतलं, तेव्हा आमचं बोलणं तुटलं. भाऊ यथावकाश गेला, अबोला राहिला. ‘चिमे, बाबांना सांग.’ ‘चिमे, आईला विचार.’ तीन वर्षं संसार चाललाच होता की! कुणाचं काही अडलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “आज आधी बोलायचं नाही. चिमी, घरात तुला हे दोघं जसे वाटतात, तसे पुतळ्यांसारखे उभे कर. मग तू तुझ्या जागी उभी राहा.”

हा काय पोरखेळ, असं मी पुटपुटले. चिमीने मला खांद्याला धरून भिंतीपाशी नेलं आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. बाबांना समोरच्या खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून. मी मान वळवून चोरून पाहिलं. ती मधोमध उभी होती, एक हात माझ्याकडे, एक त्यांच्याकडे ताणलेला. दोन्ही हात कुणापर्यंतच पोचत नव्हते.

“तशीच थांब,” बाई म्हणाल्या.

थांबली. थोड्या वेळाने हात थरथरायला लागले. ओठ घट्ट आवळलेले. बाई ढिम्म हलेनात.

“चिमे, खाली कर ते हात! बाबांना सांग, या बाईंना काहीतरी बोला म्हणावं!”

आणि महिन्याभराने मी लेकीचा आवाज ऐकला. “तूच सांग ना गं, आई. ते इथेच आहेत.”

बाईंनी हळूच विचारलं, “निरोप जसेच्या तसे द्यायचीस?”

“नाही.” हात अजून तसेच. “आई रोज सकाळी म्हणायची, सांग त्यांना, तिकडेच अडकून बसा, घरी नाही आलात तरी चालेल. मी सांगायचे, आई म्हणतेय जपून जा. बाबा म्हणायचे, तुझ्या आईचं तोंड बघायचं नाहीये मला. मी सांगायचे, बाबांना उशीर होईल, तू जेवून घे. काटछाट करून द्यायचे. मग मला ते जमेनासं झालं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतःचं विसरले. ते खिडकीपासून वळले होते.

“म्हणजे ते… जपून जा… ते तू म्हणायचीस?”

चिमीने मानेनेच हो म्हटलं. एवढा धिप्पाड माणूस, मटकन खाली बसला. तीन वर्षं ते माझे शब्द समजून घराबाहेर पडत होते, आणि ते शब्द माझे नव्हतेच.

“चिमी,” बाई म्हणाल्या, “आता मधून बाजूला हो. हवं तिथे उभी राहा.”

ती दाराशी जाऊन उभी राहिली. मी काय समजायचं ते समजले.

रविवारी ती गेली. मी बाईंना फोनवर वाट्टेल ते बोलले. “घर जोडायला आलो होतो, तुम्ही लेक तोडलीत!” त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिला थोडे दिवस मोकळं सोडा. तिचं काम आता तुम्हा दोघांना करायचंय.” मी फोन आपटला.

सोमवारी सकाळी मी एका कोटाची बाही उसवत बसले होते, तोंडात टाचण्या. ते हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून दारात आले. बूट घातले. नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. निघेनात. आधी मला राग आला, उशीर झालाय तर जात का नाहीत! मग कळलं. माणूस निरोपाची वाट बघत होता.

मी एकेक टाचणी काढून ठेवली. तीन वर्षांत हाक मारली नव्हती, जीभच वळेना.

“अहो,” मी म्हटलं, “जपून जा.”

त्यांनी आधी चिमीच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.